पाठमोरी साक्ष

तात्या, अपील फेटाळलं. गेल्या महिन्यात वरच्या कोर्टाचा निकाल लागला आणि त्याची जन्मठेप कायम राहिली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या निकालात तुम्ही अजून धडधाकट आहात. त्याच्या वकीलबाई परवा बारामतीला त्यांच्या ऑफिसात इंग्रजी पानं समोर धरून मला मराठीत सांगत होत्या, तीन नंबरचा साक्षीदार असं म्हणतो, तीन नंबरचा साक्षीदार ठाम आहे, तीन नंबरच्या साक्षीदाराला खोटं बोलायचं काही कारण नाही. म्हणतो, आहे, नाही. मेल्याचं त्या कागदाला कुणी कळवलेलंच नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते आणि सारखं वाटत होतं की मागं दाराशी तुम्ही चपला काढताय. एकदा मी वळून बघितलंसुद्धा. दारात कुणी नव्हतं. तुम्हाला पत्र लिहिण्यात अर्थ नाही हे मला कळतं. जिवंतपणी तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, आता कुठनं येणार? पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसतं त्या वेळात, दुकानाचं शटर अर्धं ओढून, ब्लाउजच्या मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसले आहे.

आधी सगळं नीट मांडते, म्हणजे माझं मलाच कळेल. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. निमगाव केतकीच्या पुढं आपलं रान, डाळिंबाची बाग नवी धरलेली, आणि आजोबांच्या दोनशे मेंढरांतली बावीस उरलेली. ती बावीस विकायला तुम्ही काही केल्या तयार नव्हता. आई म्हणायची, बागेला पाणी द्यायचं सोडून हा माणूस अजून मेंढरांमागं रानभर हिंडतो. पौषातली सकाळ होती, नुकतं उजाडलेलं, कालव्यावर धुकं बसलेलं. तुम्ही मेंढरं घेऊन कालव्याच्या भरावाच्या खाली उभे होतात. तिथून दोनशे पावलांवर, जिथं कालव्यातून चारी फुटते तिथं, एका माणसानं दुसऱ्यावर कुऱ्हाड टाकली. दोनदा. मग डोक्यावरून घोंगडी ओढून तो भरावावरून कळंबच्या दिशेनं चालत गेला. पळाला नाही, चालत गेला, हे तुम्ही प्रत्येक वेळी सांगायचात. तुम्ही धापा टाकत तिथं पोचलात तेव्हा पडलेल्या माणसाचा जीव गेलेला होता. शेजारच्या वस्तीवरचा, दोन पोरांचा बाप. पोलीस यायच्या आत तुम्ही मारणाऱ्याचं नाव सांगून मोकळे झाला होतात. आपल्याच भावकीतला, तुमच्या हाताखाली मेंढरं कातरायला शिकलेला, अठ्ठावीस वर्षांचा. पाण्याच्या पाळीवरनं आठवड्यापूर्वीच त्याचं आणि मेलेल्याचं भांडण झालं होतं आणि त्याचं "बघून घेतो" हे बोलणं अख्ख्या गावानं ऐकलं होतं. तो म्हणत होता की मी घरात झोपलो होतो. पण तसं सांगणारी त्याची बायको एकटीच होती, आणि बायकोचं कोण ऐकतंय.

तोंड तुम्ही पाहिलं नव्हतं. हे तुम्ही कधी लपवलंही नाही. तुम्ही त्याला चालीवरून ओळखलं. त्याचा डावा खांदा चालताना पुढं यायचा, आणि चार पावलं टाकली की पाचवं टाकायच्या आधी तो कणभर थांबायचा, घरी काहीतरी विसरल्यासारखा. गावातली पोरं त्याची नक्कल करायची. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्यावर कुणाला फासाच्या दारात उभं करायचं का? पण तुमचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला होता. पुढं चालणाऱ्या जनावराचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते, आणि तुम्ही तेवढ्यावरनं कुठल्या मेंढीला ताप आहे आणि कुठली गाभण आहे ते सांगायचात. माणसांनाही तुम्ही तसंच बघायचात. मी सात-आठ वर्षांची असताना आठवडी बाजारात तुम्ही मला चिंचेखाली बसवून पुढं निघून गेलेल्या माणसांची नावं विचारायचात. समोरून येणारा चालायचा नाही, पाठमोराच पाहिजे. एकदा मला एक पाठ ओळखेना, म्हणून मी लबाडी केली, पळत पुढं जाऊन तोंड बघून आले. तुम्ही माझा कान असा पिळलात की दोन दिवस दुखत होता. "तोंड काय बघतीस? तोंड माणसाला बदलता येतंय. चाल न्हाय बदलता येत." मला तो राग अजून आहे, तात्या. पण विद्या मात्र लागली. आज रस्त्यानं जाणाऱ्या बायकांचे खांदे मागून बघून मी मापाची वही न उघडता सांगते कोण चालली ते.

तुमच्या साक्षीच्या दिवशी बारामतीला मी तुमच्याबरोबर होते. तुम्ही नवा फेटा बांधला होता आणि एस.टी.त खिडकीकडं बसून वाटेतल्या प्रत्येक मेंढवाड्याला नावं ठेवत होतात. कोर्टात त्याच्या वकिलानं तुम्हाला धुकं किती होतं, अंतर किती होतं, तुमचं वय काय, असं खोदून खोदून विचारलं. शेवटी त्यानं आवाज चढवून विचारलं की तोंड न पाहता एवढं ठाम कसं सांगता. तुम्ही त्याच्याकडं न बघता थेट जज्जसाहेबांना म्हणालात, "सायेब, मेंढरामागं चालणाऱ्याला तोंड कुठं दिसतंय? बावीस जितराबं मी पाठीवरनं वळखतो. ह्यो तर माझ्या हाताखाली वाढलेला माणूस हाय." मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. तेच वाक्य वरच्या कोर्टाच्या निकालातही आहे. मोठ्या साहेबांनी त्यावर म्हटलंय की रोजच्या ओळखीचा माणूस चालीवरून ओळखणं अशक्य नाही, आणि जो साक्षीदार आरोपीला लहानपणापासून मानतो तो त्याला फुकट कशाला अडकवील. खरंच आहे. तुम्ही त्याला मानतच होतात. त्याला बाहेर नेताना तो तुमच्यासमोर थांबला आणि हळूच म्हणाला, "तात्या, मी नव्हतो." तुम्ही त्याच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. पोलिसांनी त्याला वळवलं, तो दाराकडं चालायला लागला, आणि मग तुम्ही मान वर केलीत. चार पावलं, थांब. चार पावलं, थांब. तुमची मान आपोआप हलली, हिशेब जुळल्यासारखी. तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

शिक्षा झाली आणि त्याच्या पुढच्या पौषातली गोष्ट. माझं लग्न ठरलं होतं, वीस दिवसांवर आलं होतं. इकडं घरात पाहुण्यांच्या याद्यांवरून भांडणं चालू होती, आणि तुम्ही सुटका करून घेतल्यासारखे पहाटेच मेंढरांकडं निघून जायचात. त्या दिवशी उजाडल्यावर मी चहाची किटली घेऊन बागेच्या कडेला आले. धुकं तसंच, कालव्यावर पांढरं बसलेलं. पहिल्यांदा मला नवल वाटलं ते मेंढरांचं. चरायचं सोडून बावीसच्या बावीस उभी होती आणि सगळ्यांची तोंडं भरावाकडं होती. एकाही घंटीचा आवाज नव्हता. तुम्ही त्यांच्या मधे उभे होतात, काठी जमिनीला टेकलेली, आणि तुमचे ओठ हलत होते. मी जवळ आले तेव्हा ऐकू आलं. तुम्ही मोजत होतात. एक, दोन, तीन, चार. मग गप्प. परत एक, दोन. तुम्ही माझ्याकडं न बघता हात वर केलात आणि म्हणालात, "दिसतंय का गं? भरावावर. त्योच हाय." तो तर तुरुंगात होता. मी म्हणाले, "कोण न्हाय तात्या. नुसतं धुकं हाय." तुम्ही वळून माझ्या तोंडाकडं पाहिलंत. मला आठवतंय तसं तुम्ही माझ्या तोंडाकडं एवढा वेळ कधीच पाहिलं नव्हतं. मग "बरं" म्हणून किटली घेतलीत.

त्याच दिवशी तुम्ही पोलीसपाटलाकडं गेलात आणि आडून आडून विचारून आलात की तो रजेवर आलाय का. तुरुंगातनं रजेवर आलेल्याला रोज चौकीला सही करावी लागते, गावाला कळल्याशिवाय राहत नाही. तो आलेला नव्हता. संध्याकाळी चुलीपाशी भाकरी मोडता मोडता तुम्ही आईला विचारलंत, "मेल्याचं भूत असतंय. जित्या माणसाचं असतंय का?" आईनं तुमच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, लगीन तोंडावर आलंय, असलं काय बोलू नगा. तुम्ही नाही बोललात. पण कालव्याच्या कडेच्या शेंदऱ्या दगडाला कोंबडा दिलात, आणि खाट उचलून अशी टाकलीत की झोपल्यावर भरावाकडं पाठ होईल. माझ्या लग्नानंतर दोन महिन्यांत मेंढरं विकली. आई आनंदानं मला फोनवर सांगत होती की शेवटी अक्कल आली. मला मात्र माहीत होतं की तुम्हाला त्यांच्या पाठी बघवेनाशा झाल्यात.

पुढची चार वर्षं मी माहेरी यायची तेव्हा एकेक गोष्ट वाढलेली असायची. आधी तुम्ही बाजाराला जायचं सोडलंत. मग ओसरीवर बसायचं सोडलंत, कारण समोरून माणसं निघून जातात. मी परत निघताना तुम्ही म्हणायचात, पाठ फिरवून जाऊ नको, तशीच मागं मागं सरक. आई हसायची, म्हणायची देवळातनं निघाल्यासारखी जा. मी तशी जायची, अंगणाच्या फाटकापर्यंत उलटी, आणि तुम्ही डोळे न मिटता माझ्या तोंडाकडं बघत राहायचात. शेवटच्या आजारात तर कुणी आत आलं की तुमचं पहिलं बोलणं एकच, "तोंड दाव." डॉक्टरलाही म्हणालात. जावई आले तर त्यांनाही. मी पलंगाशी बसलेली असायची, दिवसातनं दहा वेळा मला म्हणायचात आणि मी दहा वेळा वाकून दाखवायची. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी पण तसंच म्हणत होते. असं म्हणायला सोपं जात होतं.

हा निकाल लागल्यावर आठ दिवसांनी मी भिगवणला गेले होते, घरी पाहुणे येणार म्हणून मासे आणायला. मासे बघत उभी होते आणि समोर पाठमोरे तुम्ही चाललेले दिसलात. अगदी तुम्ही. उजवा खांदा पडलेला, डावा हात मागं नेऊन उजव्या कोपराला धरलेला, आणि प्रत्येक पाऊल टाकताना टाच आधी रुतवायची ती सवय. माझ्या हातातली पिशवी पडली. तुम्ही गेलात हे मला माहीत होतं, तुमच्या तोंडात पाणी मीच घातलं होतं, तरी मी मागं निघाले. हॉटेलांच्या ओळीवरून, गाड्यांच्या मधून, स्टेशनच्या रस्त्यापर्यंत. पाय थांबत नव्हते. शेवटी मी हाक मारली, "तात्या." तो माणूस वळला. गोल चेहरा, रंगवलेल्या मिशा, तुमच्याहून वीस वर्षांनी लहान. त्यानं मला विचारलं, कुणाकडच्या तुमी? त्या घटकेला कुणी मला कोर्टात उभं केलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की ते माझे वडील आहेत. माझ्या बापाची चाल मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? तिथनंच मी मासे न घेताच परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या दुकानात आली. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. एकाच बारामतीत राहून आम्ही एकमेकींना चुकवत होतो. ती एका बंगल्यात स्वयंपाकाला जाते. पदराखालून तिनं मुलीच्या ब्लाउजचं कापड काढलं. तो आत गेला तेव्हा ही मुलगी पाळण्यात होती, आता अकरावीत आहे. कापड टेबलावर ठेवून ती बाकावर बसली आणि मापाचं काहीच बोलेना. मग म्हणाली, "अक्का, तुमास्नी दोष न्हाय. पर तात्या शेवटी काय बोललं असलं तर सांगा. आता दिल्लीलाच जायाचं ऱ्हायलंय." मला वाटलं होतं ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी तिला त्या पौषातल्या सकाळचं सांगितलं, तुम्ही काय पाहिलंत आणि मला काय विचारलंत तेवढं. ती ऐकता ऐकता उठून उभी राहिली. माझा हात धरूनच तिनं मला वकीलबाईंकडं नेलं.

वकीलबाईंनी आधी तो निकाल मला वाचून सांगितला, मग माझं सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, वडील गेले, त्यांना आता कुणी विचारू शकत नाही. ते तुम्हाला काय म्हणाले याला कोर्टात फारसा अर्थ नाही; म्हातारपणी मनानं घेतलं, भास झाला, असं म्हणतील. पण तसाच चालणारा दुसरा माणूस, आरोपी आतमध्ये असताना, त्याच भरावावर दुसऱ्या कुणी डोळ्यांनी पाहिला असेल तर गोष्ट वेगळी. तरी कोर्ट ऐकेलच असं नाही, पण मागता येईल. आणि मग त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही तिथंच होतात ना? तुम्हाला स्वतःला काही दिसलं का?" ती शेजारी बसली होती. मी म्हणाले, धुकं फार होतं. वकीलबाईंनी सोमवारपर्यंत नीट आठवून बघा म्हणून सांगितलं. जिना उतरताना ती माझ्यापुढं चालत होती, आणि मी भिंतीला हात लावून उभी राहिले, तिची पाठ खाली जाईपर्यंत.

आज शनिवार आहे. लोक विचारतील, पंधरा वर्षं तोंडात काय धरलं होतं. सासरचे विचारतील. मेलेल्याची पोरं आता मोठी झालीत, ती विचारतील. भिगवणचं आठवलं की मला वाटतं, चालीवरून बोलणारी मी दुसरी कोण लागून गेले, तुम्ही केलंत तेच मी परत करणार. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही त्या दिवशीचं कारण नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त वीस दिवसांवर आलेलं लग्न होतं. तुम्ही परत कोर्टाची पायरी चढलात, माझी साक्ष चुकली म्हणालात, तर ते सोयरे दारात उभे राहणार नाहीत, एवढंच मला दिसलं. तुम्ही गेला असतात, तात्या. मी नुसतं हो म्हणायचा अवकाश, चहा न पिता गेला असतात. ही पानं मी फाडून कुणाला देणार नाही, आणि सोमवारी वकीलबाईंसमोर तोंड उघडेल का ते मला अजून माहीत नाही. तुम्हाला मात्र भूत लागलं नव्हतं. भरावावर चालणाऱ्या त्या माणसाच्या पायाखाली मुरूम वाजत होता, मला ऐकू येत होता, चार वेळा आणि मग गप्प. तुम्ही "बरं" म्हणून माझ्या हातून किटली घेतलीत, तेव्हासुद्धा तो मला दिसत होता.